गोळी लागू पडली होती: वांग, ट्रानेक्झॅमिक ॲसिड आणि चुकलेले प्रश्न

औषध लागू पडलं नाही म्हणून येणारे रुग्ण रोजचेच. या बाई आल्या त्या औषध लागू पडलं म्हणून.

वय ४१, शाळेत शिक्षिका. मुलं त्यांना बाई म्हणतात, म्हणून इथेही बाईच म्हणते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी फोनवरचे दोन फोटो माझ्यासमोर धरले. दोन्ही त्यांच्याच चेहऱ्याचे, पाच आठवड्यांच्या अंतराने काढलेले. गालांवरचे वांगाचे तपकिरी डाग दुसऱ्या फोटोत खरंच फिके होते. उजेडाची किंवा कोनाची करामत नव्हती, कारण फोटो त्यांनी एकाच भिंतीसमोर, एकाच वेळेला काढले होते. मग पर्समधून गोळ्यांची रिकामी पट्टी निघाली.

"डॉक्टर, ही गोळी मला लागू पडलीय. तुम्ही फक्त चिठ्ठी लिहून द्या, अजून तीन महिने घेते."

पट्टीवर लिहिलं होतं ट्रानेक्झॅमिक ॲसिड, ५०० मिलिग्रॅम. पट्टी मूळची त्यांच्या जाऊबाईंची. त्यांना पाळीत अंगावरून फार जातं म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी दर महिन्याला तीन-चार दिवसांपुरती ही गोळी दिली होती. याच गोळीने वांग जातो, असं बाईंनी एका व्हिडिओत पाहिलं आणि घरातली उरलेली पट्टी सकाळ-संध्याकाळ सुरू केली. त्वचारोगात या औषधाचा नेहमीचा डोस २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असतो. बाई त्याच्या दुप्पट घेत होत्या.

खरं सांगते, मला धक्का बसला नाही. वांगासाठी ही गोळी मी स्वतः कित्येकींना दिलेली आहे. डोस निम्म्यावर आणायचा, तीन महिन्यांची मुदत घालायची, पाच प्रश्न विचारायचे आणि चिठ्ठी द्यायची, एवढंच डोक्यात होतं.

चेहरा

डाग सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी आले. बाळ वर्षाचं होईतो निम्मे गेले आणि नंतर पुन्हा गडद झाले. मधल्या काळात कोणीतरी त्यांना तीन औषधांचं एकत्र मलम दिलं होतं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड. हे मलम वाईट नाही. वांगावर आठ आठवड्यांसाठी लावायचं ते एक चांगलं औषध आहे. बाईंनी ते चौदा महिने लावलं. बंद केलं की डाग परत यायचे आणि चेहऱ्याची आग व्हायची, म्हणून पुन्हा सुरू. त्याच्या खुणा दिसत होत्या. गालांची कातडी पातळ झालेली, बारीक लाल शिरांचं जाळं उमटलेलं, कानशिलांजवळ लव वाढलेली.

वांगाची तीव्रता मोजायला आम्ही चेहऱ्याचे चार भाग करतो: कपाळ, दोन गाल, हनुवटी. प्रत्येक भागात डागांनी किती जागा व्यापली आहे याला ० ते ६ आणि रंग किती गडद आहे याला ० ते ४ गुण. दोन्हींचा गुणाकार करायचा, कपाळ आणि गालांसाठी ०.३ ने आणि हनुवटीसाठी ०.१ ने गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. जास्तीत जास्त २४. बाईंचे त्या दिवशी ४.९ भरले. त्यात डाव्या गालाचे एकट्याचे २.४ होते. डावा गाल उजव्यापेक्षा वाईट का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. ते सुचायला मला कित्येक महिने लागले.

"रक्त गोठवणारी गोळी"

हे नाव औषधाला चिकटलंय, पण ते बरोबर नाही आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जखम झाली की रक्तात फायब्रिनचे धागे तयार होतात, त्यांची जाळी विणली जाते आणि गुठळी धरते. काम झाल्यावर ही जाळी उसवणंही गरजेचं असतं. ते काम प्लास्मिन करतं. प्लास्मिन ज्यापासून बनतं ते प्लास्मिनोजेन फायब्रिनच्या धाग्याला ज्या जागी चिकटतं, ती जागा लायसिन नावाच्या अमिनो आम्लाची असते. ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे लायसिनसारखंच दिसणारं, प्रयोगशाळेत घडवलेलं रेणू आहे. ते प्लास्मिनोजेनवर जाऊन बसतं आणि धाग्याला चिकटण्याची त्याची जागा अडवतं. म्हणजे ही गोळी नवी वीण घालत नाही, ती उसवणाऱ्याचे हात धरते.

हे औषध जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधलं. त्यावरचं संशोधन १९६२ साली प्रसिद्ध झालं. बाळंतपणात रक्तस्रावाने बायका मरतात, ते थांबवणारं काही हवं, हा उताकोबाईंचा ध्यास होता. मात्र त्यांच्या हयातीत त्याची मोठी चाचणी पुरी झाली नाही. त्या २०१६ मध्ये गेल्या. वीस हजारांवर बायकांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला: बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात पहिल्या तीन तासांत औषध दिलं, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटतात. गालावरच्या डागांसाठी हे औषध लिहिताना ही गोष्ट मला दरवेळी थोडी अवघडवून टाकते.

त्वचेशी त्याचा संबंध योगायोगानेच जुळला. १९७९ मध्ये जपानमध्येच, जुनाट पित्ताच्या गांधींसाठी हे औषध देताना रुग्णाचा वांग फिका होतोय असं एका डॉक्टरांच्या लक्षात आलं. कारण पुढे उलगडत गेलं. प्लास्मिन फक्त रक्तातच नसतं. उन्हाने त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी चाळवल्या की त्याही प्लास्मिनोजेनला जागं करतात. तयार झालेलं प्लास्मिन रंगपेशींना चेतवणारे पदार्थ मोकळे करतं, आणि खालच्या थरात नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटायलाही मदत करतं. प्लास्मिनला अडवलं की रंगपेशीला मिळणारे हे निरोपच थांबतात. म्हणून हे औषध डाग पुसत नाही, नवा रंग बनण्याचा वेग कमी करतं. घेणाऱ्याला हा फरक एरवी जाणवत नाही. गोळी थांबवल्यावर मात्र जाणवतो.

परिणामाचा पुरावा बऱ्यापैकी आहे. २०१८ च्या एका छोट्या पण नीट आखलेल्या चाचणीत २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेणाऱ्यांचे गुण तीन महिन्यांत ४९ टक्क्यांनी उतरले, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांचे १८ टक्क्यांनी. गोळी थांबवून तीन महिने झाल्यावर हेच आकडे २६ आणि १९ होते. सिंगापूरमध्ये ५६१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यात जवळपास ९० टक्क्यांना फायदा झाला होता. त्यातल्या एकीला पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली. तिला प्रोटीन एस हे रक्त पातळ राखणारं प्रथिन जन्मतः कमी होतं, आणि हा दोष घराण्यातला होता.

ही एक रुग्ण प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाच्या डोक्यात कुठेतरी बसलेली असते. आमचे पाच प्रश्न तिच्यासाठीच असतात.

प्रश्न आणि उत्तरं

बाईंनी बाहेर बसून फॉर्म भरला होता. सध्या कुठली औषधं चालू आहेत? नाही. स्वतःला किंवा कुटुंबात थ्रोम्बोसिसचा इतिहास? नाही. मूत्रपिंडाचा विकार, फिट येणं, रंग ओळखण्यात अडचण? नाही, नाही, नाही. मी तोंडीही विचारलं, "घरात कोणाला रक्ताची गुठळी वगैरे?" त्या म्हणाल्या, "नाही हो, तसलं काही नाही आमच्याकडे."

चिठ्ठीवर नाव आणि वय लिहून झालं. बाई उठता उठता म्हणाल्या, "डावी पोटरी चार दिवस जरा जड वाटतेय. गोळीने तर नसेल? तशी शाळेत उभं राहणं फार होतं. आणि आईचाही पाय असाच धरायचा."

"आईचा पाय म्हणजे?"

"शीर सुजली होती तिची. मांडीपर्यंत सुजला होता पाय एकाएकी. मग बरेच दिवस गोळी चालू होती. दर महिन्याला रक्त तपासायला न्यायचो आम्ही, त्यावर गोळी कमी-जास्त करायचे."

मी पेन खाली ठेवलं. दर महिन्याला रक्त तपासून जिची मात्रा बदलावी लागते अशी रक्त पातळ करणारी गोळी, आणि एकाएकी मांडीपर्यंत सुजलेला पाय. ही खोल शिरेतली गुठळी होती. आईचं वय तेव्हा ४६. ना ऑपरेशन झालेलं, ना हाड मोडलेलं, ना अंथरुणाला खिळलेल्या. कारणाशिवाय आलेली गुठळी. घरातल्या कोणी तिला कधी गुठळी म्हटलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती सुजलेली शीर होती. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. जे विचारलं त्याचं बरोबर उत्तर त्यांनी दिलं होतं.

मग मी बाकीचे प्रश्नही नव्याने विचारले. "औषध म्हणून नाही, पण रोज काही घेता का? पाळीसाठी, मूल होऊ नये म्हणून?"

"ती गोळी होय? ती तर चार वर्षं चालू आहे. पाळी वेळेवर यावी आणि कमी जावं म्हणून. ते काही औषध नाही ना."

इस्ट्रोजेन असलेली संततिनियमनाची मिश्र गोळी. चार वर्षं. वांग पुन्हा गडद कधी झाला, तर चार वर्षांपूर्वी. या गोळीने वांग वाढू शकतो, हे आमच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतं. आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिड या गोळीच्या जोडीने द्यायचं नाही, हेही.

म्हणजे पाच आठवडे ही बाई तीन गोष्टी एकत्र वागवत होती: गुठळी धरण्याकडे कल वाढवणारं इस्ट्रोजेन, धरलेली गुठळी उसवू न देणारं औषध दुप्पट मात्रेत, आणि आईकडून आलेलं काहीतरी, ज्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. वर डावी पोटरी जड.

पोटरी

गुडघ्याखाली ठरावीक अंतरावर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. डावी एक सेंटिमीटरने जास्त. तीन सेंटिमीटरच्या वर फरक असेल तर आम्ही तो संशयात धरतो. सूज दाबून खळी पडत नव्हती, शिरेवर दाबल्यावर दुखत नव्हतं. एरवी अशा कमी संशयाच्या रुग्णाची डी-डायमर ही रक्ततपासणी करतात आणि ती नॉर्मल आली की विषय संपतो. त्यांची डी-डायमर नॉर्मल आली.

तरी मी त्याच दिवशी डॉप्लरला, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीला, पाठवलं. बाईंना ते जास्तीचं वाटलं. कारण सांगते, कारण हे सहज निसटतं. डी-डायमर म्हणजे उसवलेल्या धाग्यांचे तुकडे. शरीरात कुठे गुठळी असेल तर प्लास्मिन ती कुरतडत असतं आणि हे तुकडे रक्तात सापडतात. पण ज्या बाईच्या प्लास्मिनचे हात पाच आठवडे धरून ठेवलेत, तिच्या रक्तात तुकडे कमीच असणार. गुठळी असली तरी. म्हणून तिची नॉर्मल डी-डायमर एरवीइतकी विश्वासाची नाही.

डॉप्लरमध्ये खोल शिरा मोकळ्या होत्या. पोटरीतल्या वरवरच्या एक-दोन शिरा थोड्या फुगलेल्या, दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या असतात तशा. गुठळी नव्हती. ट्रानेक्झॅमिक त्याच दिवशी बंद केलं. स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन केला आणि मिश्र गोळीही थांबली. दम लागला, छातीत दुखलं किंवा पाय सुजला तर वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा, हे कागदावर लिहून दिलं.

बाई निघताना खूश नव्हत्या. त्यांच्या बाजूने पाहिलं तर बरोबरच होतं. लागू पडलेलं औषध मी काढून घेतलं, पायात काही निघालं नाही, आणि हातात कागद दिला.

नॉर्मल रिपोर्ट

दोन महिन्यांनी डाग परतले, आणि जोरात. गुण ७.६. गोळीचा आधार गेला होता, आणि मिश्र गोळी बंद केल्यावर वांग लगेच उतरतो असंही नाही. बाईंनी या वेळी तिसरा फोटो आणला होता. बोलल्या काहीच नाहीत, फोन फक्त टेबलावर ठेवला.

तोवर गुठळीच्या प्रवृत्तीच्या तपासण्या थांबवून ठेवल्या होत्या. इस्ट्रोजेनने प्रोटीन एसची पातळी मुळातच उतरते. मिश्र गोळी चालू असताना तपासलं तर निरोगी बाईवरही आनुवंशिक दोषाचा शिक्का बसू शकतो. म्हणून गोळी बंद होऊन दहा आठवडे झाल्यावर रक्त घेतलं. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन, फॅक्टर फाइव्ह लायडन आणि प्रोथ्रॉम्बिनचे जनुकीय बदल, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं. सगळं नॉर्मल.

रिपोर्ट घेऊन बाई आल्या आणि शिक्षिकेच्या स्वरात म्हणाल्या, "आता तर काही अडचण नाही ना? संततिनियमनाची गोळी बंद आहे, रिपोर्ट चांगले आहेत, डोस तुम्ही म्हणाल तो घेते."

या प्रकरणातला खरा अवघड क्षण हा होता. प्रोटीन एस कमी निघालं असतं तर मला विचारच करावा लागला नसता. रिपोर्ट नॉर्मल आले आणि निर्णय माझ्यावर आला.

रक्तविकारतज्ज्ञांशी बोलले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आपण तपासतो ते माहीत असलेले दोष. आईला कारणाशिवाय गुठळी झाली ही घटना रिपोर्ट नॉर्मल आल्याने पुसली जात नाही. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला गुठळी झाली असेल तर आपला धोका साधारण दुप्पट धरतात, मग ज्ञात दोष सापडो की न सापडो.

मग आकडे मांडले, बाईंच्या समोरच. मिश्र गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला साधारण दोघींना शिरेत गुठळी होते. मिश्र गोळीवर, प्रकारानुसार, पाच ते बारा जणींना. ट्रानेक्झॅमिकबद्दल डेन्मार्कमधल्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास आहे. पाळीच्या रक्तस्रावासाठी ही गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये गुठळीचा धोका सुमारे चौपट दिसला. पण मुळात धोकाच इतका थोडा, की सुमारे ७८ हजार बायकांनी प्रत्येकी पाच दिवस गोळी घेतली तर एक जास्तीची गुठळी. हे ऐकून बाईंचा चेहरा उजळला.

"पण तुम्ही पाच दिवस नाही, नव्वद दिवस घेणार," मी म्हटलं. साधं त्रैराशिक: नव्वद दिवसांना तो आकडा सुमारे चार हजारांत एक होतो. हे गणित ढोबळ आहे हे मला कळतं. वांगाचा डोस पाळीच्या डोसच्या जवळपास एक षष्ठांश असतो, त्यामुळे खरा धोका याहून बराच कमी असण्याची शक्यता आहे. उलट बाजूला आई आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नव्वद दिवसांनी गोळी थांबली की डाग परत येतात, हे बाई स्वतःच पाहून बसल्या होत्या. म्हणजे प्रश्न एका नव्वदीचा नव्हता.

बाईंनी मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. "जाऊबाईंना चालते, मला पाळीत फार गेलं तर मलाही देतील म्हणता, मग चेहऱ्यासाठी का नाही?"

याचं शास्त्रीय उत्तर सोपं आहे: रक्त वाहून हिमोग्लोबिन उतरत असेल तर त्या तीन-चार दिवसांच्या फायद्याचं पारडं वेगळं असतं, डागांचं वेगळं. हे मी सांगितलंही. पण ते म्हणताना मला जाणवलं की चेहऱ्यावर सहा वर्षं डाग वागवणं किती जड आहे हे तराजूत घालणारी मी कोण? वर्गात चाळीस मुलं रोज त्या चेहऱ्याकडे बघतात. वांगाने जीव जात नाही हे खरं, पण म्हणून त्याला शून्य वजन देता येत नाही. तरीही, पोटात घेण्याची गोळी मी देणार नाही असं सांगितलं. जपानमध्ये वांगासाठी हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविनाही मिळतं. माझी एखादी सहकारी कदाचित याच रिपोर्टांवर देईल आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आईची गोष्ट ऐकल्यावर मला मात्र ते जमेना.

गोळीशिवाय

पुढचे सात महिने सांगायला फारसे रंजक नाहीत. पाळीच्या रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोन असलेली तांबी बसवली. तिच्यात इस्ट्रोजेन नसतं. चेहऱ्यावर आधी काहीच जळजळीत लावलं नाही, कारण स्टिरॉइडने पातळ झालेली कातडी सावरायला वेळ हवा होता. साधं मॉइश्चरायझर, मग ॲझेलेइक ॲसिड २० टक्के. पहिले तीन आठवडे खाज सुटली, नंतर बसलं. चौथ्या महिन्यात रात्री हायड्रोक्विनोन ४ टक्के, स्टिरॉइडशिवाय, दहा आठवडे मोजून, आणि बंद. त्वचेत बारीक सुयांनी ट्रानेक्झॅमिक टोचण्याचा पर्यायही असतो. तो मी सुचवलाही नाही.

सनस्क्रीनवर मात्र आमची लढाई झाली. बाई सनस्क्रीन लावत होत्याच, पांढरं, पारदर्शक होणारं. ते अतिनील किरण अडवतं. वांगाला मात्र दिसणारा उजेडही चेतवतो, विशेषतः निळ्या बाजूचा, आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं. म्हणजे रंग असलेलं सनस्क्रीन. "मेकअप करून वर्गात गेल्यासारखं वाटतं," हे पहिलं उत्तर. दोन छटा मिसळून त्यांच्या रंगाला जुळेल असं होईपर्यंत तीन भेटी गेल्या.

आणि डावा गाल. सगळीकडचे डाग उतरत होते आणि तो अडून होता. शेवटी मी त्यांना त्यांचा दिवस तासातासाने सांगायला लावला. शिक्षक-खोलीतलं त्यांचं टेबल खिडकीला लागून, खिडकी डाव्या हाताला. वह्या तपासायला रोज दोन-अडीच तास तिथे. काच बंद असते म्हणून ऊन लागत नाही, असा त्यांचा समज. काच अतिनीलमधला लघु लहरींचा भाग अडवते, पण दीर्घ लहरींचा बराचसा भाग आणि दिसणारा उजेड आरपार येतो. बाईंनी टेबल फिरवून घेतलं. मला यात औषधापेक्षा जास्त आनंद झाला, हे कबूल करते.

नवव्या महिन्यात गुण ३.०. कपाळ ०.३, उजवा गाल ०.९, डावा १.८, हनुवटी शून्य. गोळीवर पाच आठवड्यांत जे दिसलं होतं त्याच्या थोडं पुढे, पण नऊ महिन्यांत. पोटरी ठीक. लांबच्या विमानप्रवासात किंवा ऑपरेशन ठरलं तर आईच्या गुठळीबद्दल आधी सांगायचं, आणि इस्ट्रोजेनची गोळी पुन्हा घ्यायची नाही, एवढं त्यांच्या फाइलवर लाल अक्षरांत आहे. त्यांनी त्यांच्या बहिणीलाही हे कळवलं. बहीण तीच मिश्र गोळी घेत होती.

त्या भेटीत मी बाईंना आमचा नवा फॉर्म दाखवला. "थ्रोम्बोसिसचा इतिहास" काढून टाकलं होतं. त्या जागी होतं: तुमची आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाचा पाय कधी एकाएकी सुजला होता का? कोणाला रक्त पातळ करायची गोळी चालू होती का? त्यासाठी वरचेवर रक्त तपासावं लागायचं का? कोणी तरुण वयात अचानक दम लागून गेलं का? आणि औषधांच्या रकान्याखाली नवी ओळ: आपण कुठली नियमित गोळी घेता का?

बाईंनी चष्मा चढवला, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि "नियमित" शब्दावर काट मारली. वर लिहिलं, "पाळीसाठी, मूल होऊ नये म्हणून, किंवा दुसऱ्या कोणाच्या पट्टीतली." मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "प्रश्न असा पाहिजे, की मागच्या बाकावरच्या मुलालाही कळेल."